शर्यतीच्या बोटीचं इंजिन शिका, दुकान मात्र शेतातल्या इंजिनाचं लावा



आरसी बोटीचे व्हिडिओ आजकाल सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतात. हातभर लांबीची बोट, मागे पाण्याचा उंच फवारा, कान फाडणारा आवाज आणि रस्त्यावरच्या मोटारसायकलला मागे टाकेल असा वेग. ते बघून आपल्याकडची बरीच मुलं विचारतात, "सर, या मॉडेल बोटीच्या इंजिनचं ट्यूनिंग, मॉडिफिकेशन शिकून धंदा होईल का? आपल्याकडे तर तलावच तलाव आहेत."

माझं उत्तर दोन भागांत आहे. ते ट्यूनिंग नक्की शिका, मन लावून शिका. पण त्याच्यावर आरसी बोटीचं दुकान टाकू नका. ज्या हाताने शर्यतीचं इंजिन बसतं, त्याच हाताने आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतली हजारो छोटी इंजिनं नीट चालू शकतात. आणि आज ती नीट चालत नाहीत. धंदा तिथे आहे.

आता हे सविस्तर सांगतो.

त्या बोटीत असतं काय?

पेट्रोलवर चालणाऱ्या शर्यतीच्या मॉडेल बोटीत जगभर वर्षानुवर्षं जे इंजिन सगळ्यात जास्त वापरलं गेलं, ते जपानच्या झेनोआ कंपनीचं. जी-२६० हे त्याचं प्रसिद्ध मॉडेल, २५.४ सीसीचं, टू-स्ट्रोक. सिलिंडरचा व्यास ३४ मिलिमीटर, स्ट्रोक २८ मिलिमीटर. ही कंपनी मुळात ब्रश कटर आणि चेनसॉची. २००७ मध्ये ती स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीकडे गेली, आणि हुस्कवार्ना म्हणजे जंगलात लाकूड कापायच्या मशीनसाठी ओळखलं जाणारं नाव.

म्हणजे ज्याला तुम्ही "रेसिंग इंजिन" म्हणता, ते घराण्याने गवत कापायच्या मशीनचं इंजिन आहे. त्याला पाण्याने थंड होणारं कव्हर बसवलं, वेगळा पाईप लावला, मागे लवचिक शाफ्ट आणि पंखा जोडला की झाली बोट.

कार्बोरेटरसुद्धा तोच. मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट असतो, तो आडवा-उभा केला तर चालत नाही. बोट पाण्यावर उड्या मारते, ब्रश कटर माणूस तिरका धरतो, म्हणून दोन्हीकडे पातळ पडद्याचा, म्हणजे डायफ्रामचा कार्बोरेटर लागतो. क्रँककेसमधल्या दाबाच्या धक्क्यावर तो पडदा हलतो आणि पेट्रोल ओढतो. वॉलब्रोचा हा कार्बोरेटर ज्याला उघडून, साफ करून, परत बसवता आला, त्याला बोटीचं आणि शेताचं अर्धं काम आलं.

मग बोटीचं दुकान का नको?

मित्रांनो, हौस वेगळी आणि गिऱ्हाईक वेगळं.

परदेशात हा खेळ जुना आहे. नाविगा ही मॉडेल बोटीची जागतिक संघटना १९५९ पासून आहे. ३.५ सीसी, ७.५ सीसी, १५ सीसी, त्यावर पेट्रोलची मोठी इंजिनं असे वर्ग ठरलेले आहेत, क्लब आहेत, तलाव ठरलेले आहेत. तिथे ट्यूनिंग करणाऱ्याला दर आठवड्याला गिऱ्हाईक मिळतं, कारण दर आठवड्याला कोणीतरी हरतं आणि पुढच्या वेळी जिंकायचं म्हणून पैसे मोजतं.

आपल्याकडे काय आहे? नौदल एनसीसीच्या अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात शिप मॉडेलिंगची स्पर्धा असते, तिच्यात चालत्या मॉडेलचाही प्रकार असतो. इंजिनीअरिंग कॉलेजच्या फेस्टमध्ये कधीमधी आरसी बोटी पळतात. मुंबईत २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हसमोर मोठ्या पॉवरबोटींची शर्यत झाली, ती बघायला गर्दी झाली. पण बघणारी गर्दी आणि इंजिन घेऊन दुकानात येणारा माणूस यात फार अंतर आहे. चंद्रपूरच्या रामाळा तलावाच्या काठावर शंभर लोक तुमची बोट बघायला थांबतील, व्हिडिओ काढतील, "भाऊ, लय भारी" म्हणतील आणि घरी जातील.

दुसरी अडचण मालाची. इंजिन, पाईप, पंखे, शाफ्ट, बहुतेक सगळं बाहेरून येतं. आपल्या सरकारने खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के केली आणि २०२३ मध्ये ७० पर्यंत नेली. माल कोणत्या वर्गात धरला जातो त्यावर आकडा बदलतो, पण एक बारीक पंखा मागवायचा तर त्याचा भाव, भाडं आणि ड्यूटी मिळून गिऱ्हाईकाच्या तोंडचं पाणी पळतं.

तिसरी अडचण इंधनाची. लहान ग्लो इंजिनं मेथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेलाच्या मिश्रणावर चालतात. मेथेनॉल विषारी आहे. गोडेतेलासारखं पिंपात भरून काउंटरमागे ठेवायची ती वस्तू नाही.

थोडक्यात, गिऱ्हाईक कमी, माल महाग, इंधन धोक्याचं. असा धंदा नागपूर-पुण्यातही सावरणं कठीण. आपल्याकडे तर विषयच सोडा.

शर्यतवाल्याकडून शिकायचं काय?

आता मुद्द्याचं. नाविगाच्या एका प्रकारात शर्यत अर्ध्या तासापर्यंत चालते. सगळ्या बोटी एकाच वेळी पाण्यात, आणि ठरलेल्या वेळात ज्याच्या फेऱ्या जास्त, तो पहिला. पहिल्या मिनिटाला सगळ्यात वेगात कोण होतं, हे कोणी विचारत नाही. विसाव्या मिनिटाला इंजिन जाम झालं तर तुमचा वेग कुठे गेला?

म्हणून जुना शर्यतवाला इंजिन शेवटच्या टोकापर्यंत ताणत नाही. थोडी ताकद हातची ठेवतो. आपल्या शेतकऱ्यालाही नेमकं हेच हवं असतं. त्याला दहा हजार फेऱ्यांचं काही कौतुक नाही. दोन-तीन दोऱ्यांत मशीन चालू झालं पाहिजे आणि बांदी संपेपर्यंत बंद पडलं नाही पाहिजे.

शर्यतवाला कुठे लक्ष देतो ते एकेक बघू, आणि लगेच आपल्या मशीनला लावू.

*सुई, म्हणजे मिश्रण.* कार्बोरेटरवर साधारण तीन स्क्रू असतात. एच म्हणजे जास्त फेऱ्यांचा, एल म्हणजे कमी फेऱ्यांचा, तिसरा आयडलचा. एच घट्ट केला की पेट्रोल कमी जातं. त्या क्षणी इंजिन जोरात पळाल्यासारखं वाटतं, आवाज बारीक आणि तिखट होतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, उष्णता जास्त, आणि मग पिस्टन सिलिंडरला चिकटतो. म्हणून पद्धत अशी: पूर्ण थ्रॉटलवर, लोड नसताना इंजिन थोडं गुरगुरलं पाहिजे, आणि लोड आला की आवाज स्वच्छ झाला पाहिजे. मग प्लग काढून बघा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. पांढरा पडला तर पेट्रोल कमी, काळा ओला असेल तर जास्त.

*हवामान.* शर्यतवाला सकाळची आणि दुपारची सुई वेगळी ठेवतो. आपल्याकडे तर हे आणखी महत्त्वाचं. मे महिन्यात चंद्रपुरात ४५ अंश, डिसेंबरच्या पहाटे १२ अंश. हिशोब केला तर डिसेंबरची हवा मेपेक्षा साधारण ११ टक्के जास्त दाट असते. इंजिनात हवा जास्त जाते, पण साधा कार्बोरेटर त्या प्रमाणात पेट्रोल वाढवत नाही. म्हणजे मेच्या उन्हात "एकदम बसवून" दिलेलं मशीन थंडीत कोरडं चालतं. गिऱ्हाईक म्हणतो, "मिस्त्री, तुम्हीच तर बसवून दिलं होतं." मिस्त्री म्हणतो पेट्रोल खराब आहे. दोघंही हवेला विसरतात. तुम्ही विसरू नका. हंगाम बदलला की सुई परत बघायची, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगा. ती तुमची दुसरी फेरी, दुसरं बिल.

*पेट्रोल आणि तेल.* २०२५ पासून देशभर पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं, साधारण आठ टक्के. जुन्या पेट्रोलवर बसवलेली सुई त्यामुळे आपोआप कोरडी झाली. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. चार महिने टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल, कडक झालेली नळी आणि डायफ्राम, हे तिन्ही एकत्र आले की दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करा, इंजिन चालवून कार्बोरेटर कोरडा करा. एवढं एक वाक्य गिऱ्हाईकाच्या कार्डावर लिहिलं तरी त्याचा पुढचा हंगाम वाचतो.

तेलाचं माप तर आपल्याकडे डोळ्यानेच चालतं. "एक टोपण टाक, अजून थोडं टाक." कंपनीने २५ ला १ सांगितलं तर एका लिटरला ४० मिली, ४० ला १ सांगितलं तर २५ मिली, ५० ला १ असेल तर २० मिली. दहा रुपयांचं मापाचं भांडं वापरा. आणि "तेल जास्त म्हणजे इंजिन सुखात" हा गैरसमज काढा. तेल वाढलं की त्याच छिद्रातून पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण उलट कोरडं होतं, वर काजळी साचते ती वेगळी.

*थंडावा.* बोटीच्या बुडाला पाणी घेणारी छोटी नळी असते, त्याच पाण्याने सिलिंडर थंड होतो. तिच्यात शेवाळ अडकलं की इंजिन संपलं, म्हणून शर्यतवाला प्रत्येक फेरीआधी ती नळी फुंकून बघतो. ब्रश कटरला पाणी नसतं, हवेच्या पट्ट्या असतात. प्लास्टिकच्या कव्हराखाली त्या पट्ट्यांत धानाचा भुसा, गवत आणि तेल मिळून अशी चिकट गादी बसते की हवा आत जातच नाही. वरून मशीन चकचकीत पुसलेलं, आत सिलिंडर भाजतोय. कव्हर काढून ब्रश मारणं हे दहा मिनिटांचं काम आहे. ते आधी करा.

*लोड.* बोटीला मोठा पंखा लावला की वेग वाढेल असं नवख्याला वाटतं. इंजिनाला तो फिरवता आला नाही तर फेऱ्या पडतात, इंजिन दबून तापतं. शर्यतवाला पंखा बदलत बदलत इंजिनाच्या ताकदीशी जुळवतो. आपल्याकडे हीच चूक नायलॉनच्या दोरीत होते. कव्हराला लागलेलं दोरी कापायचं पातं काढून टाकायचं आणि हातभर दोरी सोडायची. काम जास्त होतं असं वाटतं, आणि क्लच जळतो. ब्लेडचंही तसंच. २६ सीसीच्या मशीनवर ४३ सीसीचं काम घेऊ नका, हे गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगायची हिंमत ठेवा.

*पाईप आणि पोर्ट.* हे खरं "मॉडिफिकेशन", ज्याच्यासाठी तुम्ही व्हिडिओ बघता. ते कसं चालतं ते समजून घ्या, मजा येते. १५ हजार फेऱ्यांवर इंजिन सेकंदाला २५० वेळा फिरतं, म्हणजे एका फेरीला ४ मिलिसेकंद. एक्झॉस्ट साधारण १७० अंश उघडा असतो, म्हणजे दोन मिलिसेकंदांपेक्षा थोडा कमी वेळ. गरम धुराची लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर जाते. तेवढ्या वेळात ती एक मीटरसुद्धा जात नाही. त्या अंतरात ती पाईपच्या टोकाला आपटून परत यायला हवी आणि बाहेर निघून चाललेलं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलायला हवी. पाईप थोडा लहान केला तर ताकद वरच्या फेऱ्यांवर मिळते, लांब केला तर खालच्या. म्हणून शर्यतवाला काही मिलिमीटरसाठी भांडतो.

पण हे सगळं शेवटी येतं. सिलिंडरचं पोर्ट घासलं की घासलं, परत भरता येत नाही. आणि शेतातल्या मशीनला त्याची गरजही नाही. तिथे "पोर्टचं काम" म्हणजे एक्झॉस्टच्या तोंडावर आणि सायलेन्सरच्या जाळीवर बसलेली काजळी काढणं. कित्येक "ताकद गेलेली" मशीनं एवढ्यावरच परत उभी राहतात.

*वही.* माझ्या मते शर्यतवाल्याचं सगळ्यात महत्त्वाचं अवजार हेच. तारीख, तापमान, सुई किती फेरे उघडी, कोणता प्लग, कोणता पंखा, वेळ किती आला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहायची. सुई, प्लग आणि तेल तिन्ही एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. आपला मिस्त्री हुशार असतो, हातात कला असते, पण सगळं डोक्यात. तो आजारी पडला की दुकान बंद. तुम्ही वही ठेवली तर तुमच्या हाताखालचा पोरगा दुसऱ्या हंगामात तेच काम करेल.

गिऱ्हाईक कुठे आहे?

आता जरा आपल्या जिल्ह्याकडे बघा.

धानाच्या पट्ट्यात पावसाळ्यात गवत, मग तुडतुडे आणि खोडकिडा, मग कापणी. ब्रश कटर, पॉवर स्प्रे पंप, छोटे वीडर, गावागावात आलेत. काही अनुदानावर, काही बचत गटाच्या अवजार बँकेत, काही कर्ज काढून. तुडतुडे आले की फवारणीला आठ-दहा दिवस मिळतात. त्या दिवसांत पंप बंद पडला तर शेतकरी दुकानदाराला शिव्या देत तालुक्याला जातो, तिथे कळतं की भाग नागपूरहून येईल. भाग येईपर्यंत पीक खाऊन झालेलं असतं. इथे इंजिनाच्या पन्नास रुपयांच्या डायफ्रामवर अख्ख्या हंगामाचा पैसा टांगलेला असतो.

दुसरं, जंगल. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत वणव्याचे दिवस. पूर्वी डहाळ्यांनी आग झोडपायचे, आजही झोडपतात. आता वन विभागाकडे पाठीवरचे ब्लोअर आलेत, पानं उडवून जाळरेषा मोकळी करायला. तेही बहुतेक टू-स्ट्रोकच. आग समोर असताना ब्लोअर दोरीला दाद देत नसेल तर तो माणूस काय करेल, विचार करा. ते मशीन जानेवारीत तपासलेलं असायला हवं.

तिसरं, पाणी. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षीचं. तेव्हा शोध-बचावाच्या रबरी बोटी आणि त्यांची आउटबोर्ड इंजिनं कामाला येतात. ती इंजिनं मोठी, त्यांची जबाबदारीही मोठी, पहिल्या वर्षी तुम्ही त्याला हात लावू नका. पण तीन-चार वर्षं छोट्या इंजिनांवर वही ठेवून काम केलेला मुलगा जिल्ह्यात तयार असेल, तर पुढे रीतसर प्रशिक्षण घेऊन त्याला ते काम का मिळू नये? बोटीचं वेड असणाऱ्याने खरं स्वप्न हे बघावं. तुमच्या हाताने बसवलेलं इंजिन पुराच्या पाण्यात पहिल्या झटक्यात सुरू झालं, याच्यापुढे कोणती ट्रॉफी?

आणि बघा, कामाचं वेळापत्रक कसं जुळतं. जानेवारीत ब्लोअर, मे-जूनमध्ये वीडर आणि ब्रश कटर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्प्रे पंप, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणीची मशीनं. आरसी बोटीच्या दुकानात असे बारा महिने कुठून आणाल?

सुरुवात कशी करायची?

एक, भंगारातून किंवा ओळखीच्याकडून एक बंद पडलेलं टू-स्ट्रोक ब्रश कटर घ्या. ते पूर्ण उघडा, मोजा, परत जोडा. तीनदा करा. हवं तर त्याच इंजिनावर हौसेने बोट बांधा, गावच्या मालगुजारी तलावात पळवा. शिकायला याच्यापेक्षा चांगली शाळा नाही, कारण पाणी खोटं बोलत नाही. फक्त ढिवर बांधवांच्या जाळ्यांपासून आणि पोहणाऱ्या पोरांपासून लांब.

दोन, टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक दोन्ही शिका. काही ब्रश कटर फोर-स्ट्रोक आहेत, त्यांचं तेल वेगळं भरावं लागतं. लोक त्यात सवयीने मिक्स पेट्रोल ओततात आणि तेलाचं झाकण कधी उघडतच नाहीत. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न हाच विचारा.

तीन, अवजारं मोजकी घ्या. फीलर गेज, टॅकोमीटर, कॉम्प्रेशन गेज, कार्बोरेटरचे बारीक स्क्रू ड्रायव्हर, मापाचं भांडं आणि डायफ्राम-नळ्या-प्लगचा छोटा साठा. मुद्रा योजनेचा शिशू गट ५० हजारांपर्यंत आहे, सुरुवातीच्या टेबलाला तेवढं कर्ज पुरतं. उद्यम नोंदणी मोफत आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

चार, दर बोर्डावर लिहा. समजा हंगामापूर्व तपासणीचे तुम्ही ३०० रुपये ठेवले, आणि आसपासच्या दहा गावांतून प्रत्येकी आठ मशीनं आली, तर एका हंगामाचे २४ हजार फक्त मजुरीचे. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, पण कागदावर मांडून बघा. "बघू, द्या काहीतरी" असा दर ठेवला तर गिऱ्हाईकही काहीतरीच देतो.

पाच, आधी मशीन बंद होतं का ते तपासा, मग सुरू होतं का. शर्यतीच्या बोटीचा रेडिओ तुटला तर थ्रॉटल आपोआप खाली येण्याची सोय केलेली असते. आपल्याकडे कित्येक ब्रश कटरचं स्टॉप बटण तुटलेलं, लोक चोक ओढून बंद करतात. फिरतं ब्लेड आणि तुटलेलं बटण घेऊन मशीन तुमच्या दुकानातून बाहेर जाता कामा नये. पैसे कमी द्या म्हणाला तरी बटण बसवूनच द्या.

सहा, ट्यूनिंग येतं म्हणून मोटारसायकलच्या नादी लागू नका. रस्त्यावरच्या गाडीत कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं. सायलेन्सर फोडून देणारा मिस्त्री दोन महिने प्रसिद्ध होतो, तिसऱ्या महिन्यात त्याच्या दारात पोलीस येतात.

"पण सर, आता तर बॅटरीचा जमाना आहे"

हा प्रश्न बरोबर आहे, त्याला टाळणार नाही. मॉडेल बोटीतही ब्रशलेस मोटर आणि लिथियम बॅटरीने मोठी जागा घेतली आहे. आपल्याकडे पाठीवरचा फवारणी पंप तर बराचसा बॅटरीवर गेला. पुढच्या काही वर्षांत छोटी पेट्रोल मशीनं कमी होतील, हे धरून चाला.

म्हणून मी म्हणतो, इंजिनाच्या भागांचा मोठा साठा भरू नका आणि कर्ज लहान ठेवा. पण पंखा आणि मोटर जुळवणं, तापमान बघणं, एका वेळी एक बदल करणं, वही लिहिणं हे मोटरलाही तेवढंच लागतं. बॅटरीच्या बोटीत जास्त पंखा लावला तर पिस्टनऐवजी कंट्रोलर जळतो, एवढाच फरक. ज्याला मोजायची सवय आहे तो दोन्हीकडे टिकतो. आणि पाच किलोमीटर आत जंगलात, जिथे चार्जिंगची सोय नाही आणि आग पुढे सरकतेय, तिथे पेट्रोलचं इंजिन अजून बरीच वर्षं लागणार आहे.

तर मित्रांनो, या आठवड्यात एक काम करा. आपल्या आणि शेजारच्या दोन गावांत फिरून किती ब्रश कटर, किती स्प्रे पंप, किती वीडर आहेत ते मोजा. त्यातली किती बंद पडून आहेत, किती दिवसांपासून, आणि का, हे मालकाला विचारून वहीत लिहा. वन विभागाच्या नाक्यावरही नम्रपणे विचारा. आरसी बोट घ्यायला किती जण तयार आहेत, तेही विचारा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा आणि मग दुकानाची पाटी रंगवायला द्या.